बारसं झालं, पुढं काय?

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. साताऱ्याहून निघून सज्जनगडाचा फाटा आणि ठोसेघर मागं टाकलं आणि चाळकेवाडीच्या पठारावर पोचलो, तेव्हा सकाळचे साडेआठ झाले होते. वर आल्याबरोबर आधी दिसतात त्या पवनचक्क्या, नजर पोचेल तिथवर उभ्या असलेल्या. पायाखाली जांभ्याचा कातळ, मधूनमधून वाळलेल्या गवताचे पट्टे, आणि वारा असा की बोलायचं तर शेजारी येऊन बोलावं लागतं.

आम्ही तिघं होतो. सर, त्यांची विद्यार्थिनी आणि मी. सरांनी एका कॉलेजात ३४ वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. मीही त्यांच्याच वर्गातला, पण पुढं लेखनाकडं वळलो. ती माझ्यामागून सहा वर्षांनी त्या बाकावर बसली, विषय सोडला नाही, आणि आता रत्नागिरीच्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारांवर, काम करते. दोघांचा वाद जुना आहे. सर म्हणतात, या देशातल्या असंख्य जिवांना अजून नावच नाही, आधी ते द्या. ती म्हणते, बारशी पुष्कळ झाली, ज्यांची केली ती जगतायत का ते बघा. दोघंही माझ्याजवळ एकमेकांची तक्रार करायचे. मी ठरवलं, यांना समोरासमोर बसवायचं, आणि तेही वादाचा विषय जिथं डोळ्यांसमोर हिंडत असेल अशा जागी.

सर चालता चालता थांबले आणि हात मागं करून त्यांनी आम्हालाही थांबवलं. दहा-बारा हातांवर एका दगडाच्या टोकाला तो बसला होता. शेपटीसकट वीतभर, अंग मातकट, हलला नसता तर दगडातच जिरून गेला असता. मग त्यानं पुढचे पाय ताठ केले, छाती उचलली आणि गळ्याखालची घडी पंख्यासारखी उघडली. निळा, काळा, नारिंगी. क्षणभर उघडली, मिटली, पुन्हा उघडली. त्या निळ्यावर ऊन पडलं की मोरपिसासारखी झाक फिरते. पलीकडच्या दगडावर दुसरा नर होता. त्यानंही आपला पंखा उघडून उत्तर दिलं.

“सरडा,” सर हळूच म्हणाले. “आणि आता शास्त्रीय नावही तेच. सरडा सुपर्बा. २०१६ साली व्ही. दीपक, वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा वेगळा आहे हे दाखवलं. नुसती जात नव्हे, अख्खी प्रजातीच नवी. आणि तिला नाव दिलं आपल्या मराठीतलं. जगात कुठंही या प्राण्यावर कुणी लिहो, त्याला ‘सरडा’ म्हणावंच लागेल.”

“नाव सुंदर आहे, सर. त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही,” ती म्हणाली. “पण ह्या बघा.” तिनं मान वर करून पात्यांकडं बोट दाखवलं. “नाव पडलं तेव्हा इथं चक्क्या फिरायला लागून दीड दशकाहून जास्त झालं होतं. आधी घर खणून झालं, मग घरमालकाचं नाव कळलं.”

“मग हे माझ्या बाजूचं झालं की तुझ्या?” सरांनी विचारलं. “अगं, चक्क्या आल्या तेव्हा पुस्तकात काय होतं? सिटाना पाँटिसेरियाना. क्युविएनं १८२९ साली पाँडिचेरीच्या नमुन्यावरून दिलेलं नाव. पाँडिचेरीपासून साताऱ्यापर्यंत गळ्याला पंखा असलेला जो दिसेल तो त्याच एका नावाखाली. मग इथल्या माळावर खड्डा खणणाऱ्याला कोण अडवणार? तो म्हणणार, एवढा देश पडलाय की या सरड्याला. ज्याला वेगळं नाव नाही त्याला वेगळं घर नाही. कायद्याच्या अनुसूचीत नावंच लिहितात, रंग नाही लिहीत.”

“नाव असतं तर चक्क्या थांबल्या असत्या?”

“नसत्या थांबल्या. पण चार जागा सोडून उभ्या राहिल्या असत्या. निदान कुणाला तरी विचारावं लागलं असतं.”

ती यावर गप्प बसली. ती गप्प बसते तेव्हा तिला पटलेलं असतं असं नाही, ती पुढचं जुळवत असते.

मी मधे पडून आकड्यांचं विचारलं. या वादात आकडे सरांना तोंडपाठ. जगाच्या जमिनीतली २.४ टक्के जमीन आपली, पण नोंदलेल्या सजीवांपैकी सात-आठ टक्के जाती इथं. हिमालय, सह्याद्री, ईशान्येकडचा ब्रह्मदेशाला लागून असलेला पट्टा आणि निकोबार, अशी जैवविविधतेची चार समृद्ध क्षेत्रं या देशात येतात. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था १९१६ साली कलकत्त्यात सुरू झाली. २०२४मध्ये तिनं देशातल्या एकूण प्राण्यांची यादी खुली केली, त्यात १ लाख ४ हजारांहून अधिक जाती आहेत. त्यात दोन तृतीयांशाच्या आसपास नुसते कीटक. आणि त्या एकाच वर्षात या देशातून विज्ञानाला माहीत नसलेल्या साडेचारशेहून अधिक जातींची भर पडली.

“वर्षाला साडेचारशे! म्हणजे अजून तळ लागलेला नाही,” सर म्हणाले. त्यांच्या आवाजात अभिमान होता आणि तो असायलाच हवा. यांतली कितीतरी कामं छोट्या कॉलेजांतल्या शिक्षकांनी, पदरचे पैसे घालून, रविवारी आणि सुट्टीत केलेली असतात, हे मी जवळून पाहिलंय.

“सर, एक विचारू? या १ लाख ४ हजारांपैकी किती जणांविषयी आपल्याला नाव आणि पहिल्यांदा सापडल्याचं गाव याच्यापलीकडं काही सांगता येईल? अंडी कधी घालतो, किती वर्षं जगतो, दहा वर्षांपूर्वी किती होते, आता किती आहेत?”

“फार थोड्यांविषयी.”

“पक्ष्यांविषयी सांगता येतं. २०२३चा देशाच्या पक्ष्यांचा अहवाल बघा. तीस हजारांवर पक्षिनिरीक्षकांनी केलेल्या तीन कोटी नोंदी, ९४२ जातींचा आढावा, त्यातल्या १७८ जातींकडं तातडीनं लक्ष द्यायला हवं हे निघालं. हे का जमलं? कारण लोक पुन्हा पुन्हा त्याच जागी गेले. बेडकांचं असं आहे? विंचवांचं आहे? देवगांडुळांचं, त्या बिनपायांच्या उभयचरांचं, आहे? तिथं आपण एकदा जातो, नमुना घेतो, नाव देतो, पेपर छापतो. परत जात नाही. ज्याला आपण यादी म्हणतो ती पुष्कळदा एकेका भेटीची डायरी आहे.”

सरांना हे लागलं. एका चक्कीच्या सावलीत आम्ही बसलो, थर्मासमधला चहा ओतला गेला, आणि त्यांनी वाद दुसऱ्या टोकानं उचलला. ती नमुने गोळा करण्याच्या विरोधात आहे, असं त्यांना वाटतं. ते पूर्ण खरं नाही, पण स्पिरिटच्या बरणीत बुडवलेला बेडूक तिला बघवत नाही हे खरं आहे.

“तुला रानपिंगळ्याची गोष्ट नीट सांगितली होती का मी कधी?” त्यांनी विचारलं. वर्गात त्यांनी ती दरवर्षी सांगितली आहे. पण आम्ही दोघांनीही नाही म्हटलं.

रानपिंगळ्याचं वर्णन ह्यूमनं १८७३ साली केलं. त्यानंतर खानदेशात डेव्हिडसन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं काही नमुने मिळवले. १८८४नंतर खात्रीचा नमुना नाही. मग १९१४ साली गुजरातेत मांडवीला मिळाला म्हणून एक नमुना कर्नल माइनर्ट्‌झहागन यांच्या संग्रहात निघाला. पुढं पक्षी शोधणाऱ्यांपुढं हा पत्ता होता. शोधूनही पक्षी मिळेना. तो संपला असंच बहुतेकांनी धरलं. नव्वदच्या दशकात पामेला रासमुसेन या अमेरिकन अभ्यासक संग्रहालयांतले जुने नमुने एकेक करून तपासत होत्या. त्यांच्या लक्षात आलं की १९१४चा तो पक्षी मुळात डेव्हिडसनचाच आहे. लंडनच्या संग्रहालयातून चोरलेला, उसवून पुन्हा भरलेला, नवी चिठ्ठी लावलेला. खोटा पत्ता बाद झाला, उरले ते खरे पत्ते. त्या पत्त्यांवर त्या बेन किंग आणि डेव्हिड अॅबट यांच्यासोबत निघाल्या, आणि २५ नोव्हेंबर १९९७ला, सकाळच्या उन्हात, नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याला पानं झडलेल्या झाडावर रानपिंगळा बसलेला दिसला. ११३ वर्षांनी.

“आता सांग,” सर म्हणाले, “चोरी कशानं पकडली? पिसांनी. त्या मेलेल्या पक्ष्याच्या पोटात कापूस भरायची जी पद्धत असते, डेव्हिडसनची जी हातोटी होती, तिच्या खुणांनी. शंभरावर वर्षं कुणीतरी तो कप्पा सांभाळला म्हणून. फोटोला हे विचारता येत नाही. नमुना म्हणजे साक्षीदार. तो नसेल तर उद्या कुणी काहीही म्हणावं.”

मला वाटतं, नमुना का ठेवायचा हे याहून चांगलं कुणी सांगू शकणार नाही. तिलाही ते मान्य होतं. पण तिनं गोष्ट सरांनी सोडली तिथून पुढं नेली.

“आणि १९९७नंतर काय झालं, सर? लोक तिथं राहिले. फराह इश्तियाकनं त्या पक्ष्याच्या मागं दिवसचे दिवस काढले. हा दिवसा उजेडी शिकार करणारा पिंगळा आहे, कसल्या जंगलात राहतो, काय खातो, हे त्यामुळं कळलं. आवाज कळला, तसा मग तो मेळघाटातही सापडायला लागला. २०१४ला तर तानसाच्या जंगलात दिसला, मुंबईपासून दोन-तीन तासांवर! तो तिथं आदल्या दिवशी आलेला नव्हता. ११३ वर्षं पक्षी नव्हता असं नाही, तिथं राहून बघणारा नव्हता. नमुन्यानं पत्ता दिला, हे खरं. पण दार ठोठावून आत राहावं लागलं.”

इथं मला दोघांच्या बोलण्यातली गाठ सापडली असं वाटलं. पण दोघंही थांबायच्या मनःस्थितीत नव्हते, आणि सरांचं खरं दुःख अजून बाहेर यायचं होतं.

ते भुंगेऱ्यांचं दुःख. एका विशिष्ट गटातले भुंगेरे ओळखणारी माणसं जगात कधीकधी दोन-तीनच असतात, आणि ती इथं असतीलच असं नाही. पूर्वी नमुने पोस्टानं जायचे, महिन्या-दोन महिन्यांनी ओळख होऊन परत यायचे. २००२चा जैविक विविधता कायदा आला आणि देशाबाहेर नमुना पाठवणं म्हणजे परवानगीच्या फायलींचं काम झालं. सरांकडं कोयनेच्या खोऱ्यातली एक पेटी होती. त्यांनी अर्ज केला, स्मरणपत्रं पाठवली, उत्तर नाही. ११ वर्षं ते त्या पेटीतल्या डांबरगोळ्या बदलत राहिले. एका पावसाळ्यानंतर उघडली तर आतून कीड लागलेली. टाचण्या ओळीनं उभ्या, खाली बारीक भुकटी, आणि काही टाचण्यांवर नुसती पंखांची टरफलं.

“त्यात किमान चार तरी नवे होते,” सर म्हणाले. “असं मी म्हणतो. पण आता कोण मानणार? साक्षीदारच गेला.”

खूप वेळ कुणी बोललं नाही. वर पातं फिरताना जो घोंघावणारा आवाज येतो तो तेवढा येत राहिला.

“कायदा उगाच आला नाही, सर,” ती सावकाश म्हणाली. “१९९५ साली जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेत दिलं गेलं होतं. ते रद्द करून घ्यायला आपल्याला १९९७ उजाडलं. आपलं आपल्याकडं राहावं म्हणून दार लावलं.”

“लावावं की. पण कुलूप चोरासाठी असतं, घरातल्यांना किल्ली असते. माझ्या भुंगेऱ्यातून कुणी कोट्यवधी कमावणार होतं का? केरळच्या प्रथापनांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी २००८ साली ‘करंट सायन्स’मध्ये हेच ओरडून सांगितलं, की हा कायदा वर्गीकरणशास्त्राला दिलेली मृत्युदंडाची शिक्षा आहे. २०२३ला कायदा सुधारला. सवलत कुणाला मिळाली? औषधवाल्यांना. भुंगेरे ओळखणारा मास्तर होता तिथंच.”

यात मी सरांच्या बाजूनं आहे, पूर्णपणे. शेतकऱ्याच्या पिकावर नवी कीड आली की आपण विचारतो ही कोणती, कुठून आली, हिला खाणारं काय. ते सांगणारा माणूस तयार व्हायला वीस वर्षं लागतात. त्याला परवानगीच्या दारात उभं करून आपण कुणाचं काय राखलं? आणि त्याच्या कामाची किंमत कॉलेजात कशी होते, तर पेपर कोणत्या मासिकात छापला आणि त्याचा किती जणांनी उल्लेख केला यावर. देवगांडुळाच्या नव्या जातीचा उल्लेख करणार कोण, जगात त्यावर काम करणारी माणसंच हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी. असे शिक्षक निवृत्त होतात, आणि त्यांच्या जागी त्याच विषयाचा माणूस येतोच असं नाही. सरांच्या जागी आलेला नाही.

तिनं मात्र वाद कोकणात नेला. तिचं घर तिकडंच झालंय आता.

“डोर्ले माहीत आहे ना सर, रत्नागिरी जिल्ह्यातलं? १९६३ साली तिथल्या सड्यावरच्या एका पालीचं वर्णन झालं. अंगावर पांढुरके पट्टे, बोटभर, जमिनीवरच राहणारी. हेमिडॅक्टायलस अल्बोफॅशिएटस. त्यानंतर ४० वर्षांनी, २००३ साली, त्याच गावातून देवगांडुळाची नवी जात निघाली. एका गावात दोन बारशी. आता तिथलीच नव्हे, सगळ्या किनारपट्टीवरच्या सड्यांची अवस्था सांगते. सातबाऱ्यावर ही जमीन कशी लागते? पोटखराबा. म्हणजे कशालाच उपयोगाची नाही. मग सुरुंग लावून कातळ फोडायचा, वर माती आणून टाकायची, हापूसची बाग. किंवा चिऱ्याची खाण. सुटे दगड उचलून गडगा घालायचा. आणि ती पाल राहते कुठं? त्याच सुट्या दगडाखाली.”

तिनं मग दगड कसा उचलतात ते दाखवलं. आपल्याकडची बाजू खाली टेकलेली ठेवून पलीकडची कड वर घ्यायची, म्हणजे खाली फुरसं असलं तर दगड आपल्या आणि त्याच्या मधे राहतो. बघून झालं की तोच दगड, त्याच तोंडानं, त्याच खळग्यात परत. दगडाखालची माती गार आणि ओलसर असते, बाहेर कातळाला हात लाववत नाही अशा दुपारीही. मी बोट लावून पाहिलं. आमच्या दगडाखाली एक गोम आणि मुंग्यांची अंडी होती. तिनं तो परत बसवला आणि कडेची माती अंगठ्यानं दाबली.

“सड्यावरची कातळशिल्पं लोकांना कळली, त्याचा मला आनंद आहे,” ती म्हणाली. “जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. आता बागवालाही विचारतो, ताई, माझ्या कातळावर चित्र नाही ना? पण चित्राशेजारच्या दगडाखाली जे जिवंत आहे ते कुणी विचारत नाही. त्या पालीला नाव मिळून साठ वर्षं झाली, सर. नाव असून काय झालं?”

“विचारलं नाही, कारण गावाला ते नाव सांगितलंच नाही. नाव लॅटिनमध्ये आणि पेपर इंग्रजीत,” सर म्हणाले. हे त्यांनी इतक्या सहज कबूल केलं की तीच जराशी चपापली.

वाघाचा विषय निघायचा तो निघालाच. २०२२च्या व्याघ्रगणनेत बत्तीस हजारांवर ठिकाणी कॅमेरे लावले होते, ४ कोटी ७० लाखांच्या आसपास फोटो निघाले, त्यात वाघाचे सुमारे ९७ हजार. दोघांचंही यावर एकमत झालं, की वाघासाठी झालं ते वाईट नाही, त्यातला शतांश तरी बेडकाला मिळावा. सह्याद्रीतला जांभळा बेडूक, बिजू आणि बॉस्युट यांनी २००३ साली ज्याला नाव दिलं, त्याचे जवळचे नातलग हिंदी महासागरात सेशेल्स बेटांवर आहेत. भारतभूमी आफ्रिकेपासून सुटून इकडं सरकली त्या प्रवासाचा तो जिवंत पुरावा. वर्षातला बहुतेक काळ जमिनीखाली असतो आणि पावसाच्या तोंडावर काही दिवस वर येतो. त्याच्यासाठी कॅमेऱ्यांची रांग कुणी लावायची?

प्रसिद्धीचं भयही ती बोलून गेली. आंध्रातला निळा कोळी, गुत्तीच्या रेल्वे-आवारात सापडलेल्या एका नमुन्यावरून १८९९ साली नाव दिलेला. आज परदेशात हौशी लोकांच्या घरी काचेच्या पेटीत तो सहज मिळतो, आणि त्याच्या स्वतःच्या जंगलात मात्र अतिसंकटग्रस्त आहे. “पत्ता छापला की कधीकधी चोर आधी पोचतो, सर.” सरांनी मान हलवली. याला त्यांच्याकडं उत्तर नव्हतं, माझ्याकडंही नाही.

मग तिनं या पठाराचीच गोष्ट सांगितली, जी सांगण्यासाठी मी तिला इथं आणलं होतं. २०१८ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. चक्क्या असलेला भाग आणि नसलेला भाग, दोन्हीकडं त्यांनी मोजणी केली. चक्क्यांच्या भागात कापशी, तिसा असे शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीनं कमी. ते कमी म्हणून सरडे जास्त. सरडे जास्त म्हणून वाट्याला येणारं खाणं कमी, अंग रोडावलेलं, नरांच्या गळ्याचा रंग फिका. भीतीही कमी, माणूस अगदी जवळ आला तरच पळतात. म्हणजे पातं फिरतं आकाशात आणि त्याची खूण उमटते सरड्याच्या गळ्यावर.

“आणि हे करणाऱ्यांत नाव देणाऱ्यांपैकीच दोघं होते,” ती म्हणाली. “बारसं करून ते निघून गेले नाहीत. दुसरी खेप केली.”

“नाव होतं म्हणून दुसरी खेप झाली,” सर म्हणाले.

“दुसरी खेप झाली म्हणून नावाला अर्थ आला.”

एवढ्यात चार म्हशी घेऊन एक म्हातारबाबा आले. डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडी. आम्ही दगडांकडं वाकून बघतोय हे त्यांनी थोडा वेळ पाहिलं असावं.

“काय हुडकताय?”

“सरडं बघतोय, बाबा,” ती म्हणाली.

“सरडं व्हय? मग पंख्याखाली जावा की. तिकडं लई हायत. आन् बुजत बी न्हाईत.”

“का बुजत नाहीत?”

“वरनं झडप घालणारं कोण ऱ्हायलंय?” बाबा म्हणाले, आणि म्हशींच्या मागं गेले.

सर त्यांच्या पाठीकडं बघत राहिले. तिनं वही काढली, तारीख घातली आणि बाबांचं वाक्य त्यांच्याच शब्दांत लिहून घेतलं.

परतताना गाडीत फारसं बोलणं झालं नाही, म्हणून माझं मत इथं लिहितो. नावाशिवाय भागत नाही, सरांचं हे म्हणणं मला मान्य आहे. ज्याला नाव नाही तो कायद्याला दिसत नाही, आणि नाव देणारी माणसं आपण आपल्या हातानं संपवत आणली आहेत. पण या देशातल्या प्राणिसंशोधनाची खरी उणीव मला तिच्या बोलण्यात सापडली. आपण बारशाचा खर्च करतो, दुसऱ्या खेपेचा करत नाही. त्याच पठारावर, त्याच दगडाशी, वर्षानुवर्षं परत जाणाऱ्याला पगार देणारी व्यवस्था आपल्याकडं जवळपास नाही. आणि जो रोज जातो, म्हशी घेऊन, त्याला कुणी विचारत नाही.

त्याला विचारायची सोय मात्र कायद्यातच आहे. सरांना छळणाऱ्या त्याच २००२च्या कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही बंधनकारक केली. गावातल्या माणसाला आपल्या रानाविषयी जे ठाऊक आहे ते लिहून ठेवायची ही कल्पना माधव गाडगीळांनी फार आधीपासून मांडली होती. प्रत्यक्षात हरित न्यायाधिकरणानं ३१ जानेवारी २०२०ची मुदत घातल्यावर देशभर घाईघाईनं वह्या भरल्या गेल्या. कितीतरी वह्यांत वड, पिंपळ, मोर, ससा एवढंच आहे, आणि शेजारच्या गावाच्या वहीतही तेच, त्याच क्रमानं.

ती वही तुमच्या ग्रामपंचायतीत आहे आणि ती बघायचा तुम्हाला हक्क आहे. या पावसाळ्यात गावी जाल तेव्हा मागून घ्या. तुमच्या माळावरचा सरडा, डबक्यातला बेडूक, दगडाखालची पाल तिच्यात आहे का बघा. नसेल तर गुरं राखणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला सोबत घेऊन जा, तो सांगेल ते तारखेसह लिहायला लावा, आणि पुढच्या वर्षी त्याच दगडाशी परत जा.